शिकारीला जातो म्हणायचं आणि मोहाखाली बसायचं

फेब्रुवारी लागला की आमच्या ग्रुपवर भियाचा मेसेज येतो, "शिकारीला कधी निघायचं?" मग मी कॅलेंडर काढून अमावस्या कधीची ते बघतो, डॉक्टर दवाखान्याच्या अपॉइंटमेंटा पुढे-मागे करतात, वहिनी डब्यात काय न्यायचं ते विचारतात आणि मास्तर काहीच विचारत नाही, तो फक्त "मी आहे" एवढंच टाकतो. शिकार म्हणजे खारीची. सामान म्हणाल तर टॉर्च, टॉर्चला बांधायला लाल पन्नी, चहाचा थर्मास आणि एक जुनी सतरंजी. शिकार हा शब्द लहानपणापासून तोंडात बसलाय तो सुटत नाही, आणि मला तो सोडावासाही वाटत नाही, का ते पुढे येईलच.

ही खार म्हणजे अंगणात पळते ती नाही, उडणारी खार. चांगली मांजराएवढी असते, शेपटीसकट धरली तर दोन हात लांब. उडते म्हणतात पण पंख नसतात तिला. पुढच्या पायाच्या मनगटापासून मागच्या पायापर्यंत दोन्ही बाजूंना कातडीचा पडदा असतो, एरवी तो अंगाशी गोळा करून ठेवलेला, उडी घेतली की चारी पाय ताणायचे आणि तो पडदा पसरून हवेवर तरंगत जायचं. वर नाही जाता येत, उंची नुसती खर्च होत राहते, म्हणून एका झाडाच्या शेंड्यावरून निघून दुसऱ्या झाडाच्या बुंध्याकडे उतरायचं, परत नखं रोवत शेंड्यापर्यंत चढायचं, परत उडी. रात्रभर हेच. दिवसा ढोलीत झोपलेली असते, सूर्य बुडाला आणि नीट अंधार पडला की बाहेर येते.

आमच्या इंदूरहून हिला बघायला जायचं तर सीतामाता अभयारण्य. राजस्थानात येतं ते, प्रतापगढच्या बाजूला, १९७९ साली अभयारण्य झालं, जवळपास ४२३ चौरस किलोमीटर जंगल आहे आणि अरवली, विंध्य आणि आपलं माळव्याचं पठार तिथे एकमेकांना भिडतात. सागाचं जंगल, मधेमधे मोह, खाली जाखम नदी. तिथले लोक उडत्या खारीला आशोवा म्हणतात. मला हे नाव फार आवडतं. आमचे पुण्याचे नातेवाईक शेकरूचं कौतुक सांगतात, तुमच्याकडे काय आहे म्हणतात, तर शेकरू आम्हीही पचमढीला पाहिलाय, सुंदरच आहे, पण तो दिवसाउजेडी फिरतो, ओरडतो, उडी मारली की अख्खी फांदी हलते, मान वर करणाऱ्याला दिसतो. आशोवाचं तसं नाही. तिच्यासाठी बसावं लागतं.

आता ते शिकारीचं. मी, मास्तर आणि भिया तिघंही इंदूरच्या रामबागेतले. १९८०चा उन्हाळा, आम्ही अकरा-बारा वर्षांचे, सुट्टीत दुपारी मोठी माणसं झोपली की गुलेली घेऊन बाहेर पडायचो. गुलेल जामाच्या फांदीची, पेरूला आम्ही इंदूरवाले जामच म्हणतो, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि मोच्याकडून मागून आणलेला चामड्याचा तुकडा. मास्तर तेव्हा अर्थात मास्तर नव्हता, पण नेम त्याचा असा की चिंचेचा ठरवलेला आकडा ठरवलेल्या फांदीवरून पाडायचा. आम्ही याला शिकार म्हणायचो आणि शिकार कधीच मिळायची नाही, खारी आमच्यापेक्षा कितीतरी चपळ, दगड सुटेपर्यंत त्या खोडाच्या पलीकडे गेलेल्या असायच्या. त्या दिवशी एक खार चिंचेच्या बुंध्यावर डोकं खाली करून थांबली होती, शेपटी झटकत चिर्र चिर्र करत होती, आणि मी आणि मास्तरनी एकदमच दगड सोडले. ती पडली. मास्तर ओरडला, "माझा! माझा लागला!"

मी उचलली तिला. अजून गरम होती. एवढंसं अंग, तळहातावर मावणारं, आणि पुढच्या पायाच्या नखांत कुठल्यातरी कापडाचा धागा अडकलेला, घरट्यासाठी नेत असणार. पोटाकडचे केस इतके मऊ की बोटाला लागतच नव्हते. आजीला दाखवायला नेली, का नेली माहीत नाही, रडत होतो म्हणून असेल. आजी रागावली नाही. तिनं मांडीवर फडकं घेतलं, त्यावर खार ठेवली आणि पाठीवरचे पट्टे मोजले. सगळीकडे सांगतात सेतू बांधताना रामानं खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, पण आमच्याकडच्या खारीला पाच पट्टे असतात, दक्षिणेकडच्या खारीला तीन, ही जातच वेगळी, हे मला खूप नंतर कळलं. आजीनं पाच मोजले आणि एवढंच म्हणाली, "हिच्यावरून तर अख्खा हात फिरवला होता रे." त्या दिवसापासून गुलेल बंद. मास्तरनं स्वतःची गुलेल खान नदीत टाकली, आम्ही दोघं काठावर उभे होतो. खारी मारणं कायद्यानं गुन्हा आहे, १९७२चा कायदा आहे, हे आम्हाला कुणी तेव्हा सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आजीच्या त्या वाक्याएवढं ते आत गेलं नसतं.

तर सीतामाताला पहिल्यांदा गेलो तो आठ वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मुहूर्तच चुकला. थंडी छान असते म्हणून गेलो, पण झाडांवर पानं गच्च, मोहाची पानं केवढी मोठी, त्यात टॉर्च मारला तरी प्रकाश पानावरच थांबतो. जंगलखात्याच्या आरामपुऱ्याच्या चौकीवरचा गार्ड वयस्कर माणूस होता, त्यानं आल्याआल्याच सांगितलं की भाईसाहब फागुनमध्ये यायचं, झाड उघडं झालं की यायचं. तरी बसलो तीन तास. काही नाही. एक घुबड बोलत राहिलं लांबवर, तेवढंच. तरी परत येताना चौघंही खुशीत होतो, कारण कुणालाच काही दिसलं नव्हतं, आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखंच रिकामेपण आलं की त्याचं ओझं होत नाही, हे मला तिसऱ्या ट्रिपनंतर समजलं.

दुसऱ्यांदा बरोबर फेब्रुवारीत निघालो. हा रस्ताच मुळात बघण्यासारखा असतो तेव्हा, लेबडवरून फोरलेन धरला की बदनावर, रतलाम, जावरा, आणि मंदसौर आलं की दोन्हीकडे अफूची शेतं, पांढरी फुलं, इतकी पांढरी की लांबून वाटतं कुणी धोतरं वाळत घातलीत. सरकारी पट्ट्याची शेती असते ती, किती जमिनीत लावायची तेसुद्धा वरून ठरवून दिलेलं. मंदसौरला पशुपतिनाथाचं दर्शन घेतलं, आठ मुखांचं शिवलिंग आहे, मास्तर दर वेळी प्रत्येक मुखापुढे थांबतो, घाई करत नाही. मग प्रतापगढ, तिथून जिरावणचा मसाला घ्यायचा, कारण तिथलं जिरावण आणि हिंग आमच्या घरच्या पोह्यांना लागतंच. आणि त्या दिवशी संध्याकाळी गारा. अवकाळी. चौकीच्या पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, आणि ती फुलांची शेतं सकाळी परत जाताना आडवी झालेली पाहिली. एक शेतकरी बांधावर नुसता बसून होता. आम्ही खार दिसली नाही म्हणून हळहळत होतो ते त्याला पाहून बंद झालं, भियानं गाडी हळू केली पण थांबवली नाही, थांबून काय बोलणार होतो. त्या ट्रिपला चौसिंगा मात्र दिसला, पहाटे, पाण्यावर आलेला, कपाळावर पुढची दोन बारकी शिंगं आणि मागची दोन मोठी, चारही स्पष्ट. भारताबाहेर नेपाळ सोडलं तर हा प्राणी कुठे नाही. हिशोबानं बघितलं तर फार मोठं नशीब होतं ते, पण आम्ही दुसऱ्याच कशासाठी गेलो होतो ना, त्यामुळे त्याला त्याचा मान मिळाला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या ट्रिपला वहिनी आल्या. डॉक्टरांच्या मिसेस. त्यांना खारीशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना सीतामातेच्या मंदिरात जायचं होतं, जंगलात आत आहे ते, सीता वनवासात इथे राहिली असं लोक मानतात, जवळच लव आणि कुश नावाचे दोन झरे आहेत, एक थंड पाण्याचा आणि एक गरम. तिथून येऊन त्या दमल्या होत्या, सतरंजीवर मोहाच्या खोडाला टेकून बसल्या होत्या आणि आम्ही चार पुरुष चार दिशांना तोंडं करून, गार्डनं सांगितल्याप्रमाणे, एकदम शांत. पावणेसात-सात झाले असतील. वहिनी हळूच म्हणाल्या, "ते काय आहे हो, त्या भोकात?"

समोरच्या मोहाच्या ढोलीत तोंड होतं. भियानं लाल टॉर्च उचलला आणि दोन डोळे पेटले, निखाऱ्यासारखे. ती बराच वेळ तशीच, फक्त तोंड बाहेर. मग एकदम अख्खी बाहेर आली आणि वर पळाली. मी मान वर करेपर्यंत ती शेंड्याला, आणि डॉक्टर मधे उभे राहिले, आणि मला दिसलं ते फक्त शेपटीचं टोक आकाशात, एक काळी रेघ. वहिनी, भिया आणि डॉक्टर तिघांनी पूर्ण पाहिली. वहिनी म्हणाल्या पंचा वाळत घातला होता नि वाऱ्यानं सुटून गेला तसं वाटलं, जराही आवाज नाही. मास्तर विचारत होता, "कुठे? कुठल्या झाडावर?" आणि आम्ही सगळे बोटं दाखवत होतो, अंधारात.

मास्तरला काचबिंदू आहे. तोवर आम्हाला नीट माहीत नव्हतं, त्यालाही उशिराच कळलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दोन-तीन वर्षं त्यानं काढली. हा आजार कडेकडेनं नजर खातो, दुखत नाही, कळत नाही, अंधारात तर फारच कमी दिसायला लागतं, आणि गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायला रोज डोळ्यात थेंब. त्याच्या वडिलांना होता. घरात कुणाला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीतच डोळ्याचं प्रेशर तपासून घ्यायला पाहिजे, डॉक्टर आता हे भेटेल त्याला सांगतात, मीही इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, वाचणाऱ्यांनी कृपा करून मनावर घ्या.

त्या परतीच्या प्रवासाबद्दल मला खरं तर लिहायचं होतं. सहा तासांचा रस्ता, एकच गाडी, आणि तीन जणांना पूर्ण दिसलेलं, एकाला अर्धं, एकाला काहीच नाही. पहिला तासभर वहिनी आणि भिया भरभरून बोलत होते, ते स्वाभाविक आहे, इतकं मोठं काही पाहिल्यावर माणूस गप्प कसा बसेल. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की मास्तर खिडकीकडे तोंड करून बसलाय, आणि बोलणं थांबलं, आणि थांबलेलं बोलणं आणखीनच जड झालं. ज्याला मिळालं त्याला आनंद आवरता येत नाही आणि ज्याला मिळालं नाही त्याच्यासमोर तो दाखवताही येत नाही. अर्धी शेपटी पाहणारा मी मधेच, मला ना इकडचं होता येत होतं ना तिकडचं. प्रतापगढच्या पुढे कुठेतरी मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला नाही दिसायची ती. चिंचेवरची मी मारली ना."

मला इतका राग आला. मी म्हणलं तुझ्या वडिलांनी कुठली खार मारली होती? वडिलांचा आजार आहे हा, त्यात पाप-पुण्य कुठून आणतोस, पोरांना गणित शिकवण्यात आयुष्य काढलंस तू. तो काही बोलला नाही. मला जे खरं बोलायचं होतं ते मात्र मीही बोललो नाही.

मधली काही वर्षं ट्रिपच झाली नाही, करोना, मग डॉक्टरांच्या आईचं आजारपण. या वर्षी गेलो. या वेळी दुपारी पोचलो आणि गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंशी मास्तरच्या खूप गप्पा झाल्या, त्याला मेवाडी-वागडी काही येत नाही पण आपल्या माळवीवर भागतं. मोहाचं सगळं तिनं सांगितलं. मार्च-एप्रिलात फुलं गळतात, रात्री गळतात, पहाटे अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली, सुकवून विकायची, थोडी खायची, मग त्याच झाडाच्या बियांचं तेल. म्हणून मोह कुणी तोडत नाही, सासऱ्यानं लावलेला नसला तरी सांभाळतात. मला एकदम लागलं ते. कारण आशोवाला ढोली लागते, आणि ढोली म्हातार्‍या झाडालाच पडते, तरण्याताठ्या सागाला नाही. माणसांना फुलं पाहिजेत म्हणून झाड म्हातारं होईपर्यंत उभं राहतं, आणि झाड म्हातारं होतं म्हणून खारीला घर मिळतं. तिला तीच फुलं खायलाही लागतात. त्या बाईंना याचं काही विशेष वाटत नव्हतं, त्या म्हणाल्या, तिचं पोट केवढं, खाऊ दे की.

संध्याकाळी बसलो. जुना गार्ड रिटायर झालेला, नवीन मुलगा होता, पण त्यालाही तेच झाड माहीत होतं. अमावस्येच्या आदली रात्र, झाडं उघडी, वारा नाही. साडेसहा, पावणेसात, सात. ढोली काळी ती काळीच. सव्वासात वाजता भिया माझ्या कानात म्हणाला, घर बदललं वाटतं तिनं. आणि मास्तरनं माझा दंड धरला. डावीकडे, म्हणाला. मागे. वर चढतेय.

आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मी श्वास रोखला, तेव्हा आलं, अगदी बारीक, खर्र… थांबायचं… खर्र. नखं आणि साल. मास्तरनं हात वर केला आणि आवाजाबरोबर बोट वर वर नेत गेला, आणि बोट थांबलं तिथे भियानं टॉर्च धरला, आणि ती तिथेच होती. सागाच्या उघड्या फांदीवर, बसलेली. मी पहिल्यांदा पूर्ण पाहिली. शेपटी खाली सोडलेली, जाड, कंदिलाची काच पुसायच्या ब्रशसारखी, पुढचे पाय छातीशी, आणि अंगाच्या बाजूला त्या पडद्याची झालर, नऊवारीचा काठ चुण्या पडून लोंबतो तशी. डोकं दोनदा खाली-वर केलं, अंतर मोजतात म्हणे तशा. मास्तर कुजबुजला, सांग ना. मग मी सांगायला लागलो, त्याच्या कानाशी, आत्ता बसलीय, आत्ता पुढे झुकली, पाय गोळा केले, आणि मग गेली रे मास्तर, गेली, चौकोनी झाली एकदम, आमच्या डोक्यावरून… आणि तोच म्हणाला, "बसली." त्यानं ऐकलं होतं, पलीकडच्या मोहाच्या खोडावर, एक हलकी थाप. टॉर्च तिकडे नेला तर खरंच, ती तिथे चढत होती.

रात्री परत निघालो. या वेळी गाडीत सगळेच बोलत होते. मंदसौर मागे पडलं, वहिनींना झोप लागली, तेव्हा मी म्हणलं, मास्तर, चिंचेवरची खार. तो म्हणाला हं. मी म्हणलं आपण दोघांनी एकदमच दगड सोडले होते. तू माझा माझा म्हणालास आणि मी गप्प बसलो. तेव्हा तुझा नेम चांगला म्हणून गप्प बसलो, नंतर आजीनं पट्टे मोजल्यावर भीतीनं गप्प बसलो, आणि गेल्या वेळी याच गाडीत तू ते बोललास तेव्हाही बसलो. तो दगड माझाही असू शकतो.

बराच वेळ तो काही बोलला नाही. भियानं आरशातून मागे पाहिलं.

"तुझा फांदीला लागला होता," मास्तर म्हणाला. "ठक्कन. मी ऐकला होता तेव्हाच."

मग त्यानं हात पुढे करून माझा गुडघा चाचपला, त्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. जावऱ्याजवळ भियानं विचारलं चहा घ्यायचा का, तर मास्तर म्हणाला थांबव, घेऊ. आणि मला म्हणाला, चहा येईपर्यंत परत सांग, ती बसली होती तिथपासून, शेपटी कशी होती म्हणालास? मी सुरुवातीपासून सांगायला लागलो.